चावणारा हॅम्स्टर आणि आपला हात

वाचकहो, आजचा विषय पाहून काही जण हसतील. हसायला हरकत नाही. पण हल्ली आपल्या वस्त्यांमधल्या घरांतूनही कुठे माशांची काचपेटी, कुठे लव्हबर्डची जोडी, तर कुठे हॅम्स्टर नावाचा तो गोलमटोल प्राणी दिसू लागला आहे. मुले हट्ट धरतात, आईबाप पोटाला चिमटा काढून आणून देतात आणि आठ दिवसांत तो चावायला लागला की काय करावे हे कुणालाच सुचत नाही. मग एक तर त्या मुक्या जीवाला बाहेर फेकले जाते, नाही तर मुलाच्या पाठीत धपाटे बसतात. आमच्या नात्यातच हे घडता घडता राहिले, म्हणून लिहायला बसलो.

एका बुधवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, तुझ्या भाचीला उंदीर चावला!”

माझ्या पोटात गोळा आला. “डॉक्टरकडे नेलं का?”

“अरे, गटारातला नाही. विकतचा.”

भाची सहावीत आहे. वाढदिवसाला मामा-मावश्यांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून तिने हा हॅम्स्टर आणला होता. सोनेरी अंग, पांढरे पोट, मण्यांसारखे काळेभोर डोळे आणि शेपूट म्हणाल तर नसल्यातच जमा. नाव ठेवले लाडू. दुकानदार म्हणत होता, “एकटा कंटाळेल, जोडीच न्या.” पैसे पुरले नाहीत म्हणून एकच आणला. ते किती बरे झाले, हे पुढे येईलच.

लाडू आठवड्यात तीनदा चावला. तिसऱ्या वेळी बोटातून रक्त आले, पोरगी किंचाळली, शेजारीपाजारी जमा झाले. बहिणीच्या सासूबाई पहिल्या दिवसापासून चिडलेल्या होत्याच. “आम्ही जन्मभर उंदरं मारायला औषध विकत आणलं, आणि ही पोरगी उंदीर विकत आणते!” दाजी कारखान्यात सेकंड शिफ्टला असतात. रात्री साडेबाराला दमूनभागून घरी आले तर हा तमाशा कानावर. त्यांनी एकाच वाक्यात निकाल दिला. “पंधरा दिवस देतो. नाही सुधारला तर नाल्यापलीकडे सोडून येईन.” पोरगी त्या रात्री जेवली नाही.

आता ‘सोडून देणे’ म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. पिंजऱ्यात जन्मलेल्या या प्राण्याला बाहेर अन्न शोधता येत नाही आणि मांजर, कावळा, घूस यांच्यासमोर त्याचा निभाव लागत नाही. त्याला मोकळे सोडणे म्हणजे मरायला सोडणे. भाचीला हे कळत होते. म्हणूनच तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी पडलो कारकून माणूस. जावक-आवक रजिस्टर सांभाळणाऱ्याला हॅम्स्टरमधले काय कळणार? पण आमच्या कचेरीच्या वाटेवर पाळीव प्राण्यांचे एक डॉक्टर बसतात, त्यांना गाठले. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न केला, “त्याला उचलता कसे, ते पाहिलंत का?” पाहिले नव्हते. रविवारी बहिणीकडे गेलो आणि पाहिले.

दहा बाय बाराची खोली. टीव्हीच्या शेजारी, खिडकीच्या उन्हात बुटाच्या खोक्याएवढा पिंजरा. दुपारचे दोन वाजलेले. लाडू एका कोपऱ्यात मुटकुळे करून गाढ झोपलेला. मामाला दाखवायचे म्हणून पोरीने वरचे झाकण उघडले आणि वरून हात घालून त्याची पाठ पकडली. नुकतीच ती सुकटाच्या कालवणाशी भाकरी खाऊन उठली होती. हात धुतला होता, पण नुसत्या पाण्याने. लाडू दचकून उलटा झाला, चिरकला आणि दातांनी बोट धरले. तिने हात झटकला, तो पिंजऱ्यात आपटला.

माझ्या डोळ्यांदेखत एका मिनिटात चार चुका झाल्या होत्या, आणि त्यातली एकही लाडूची नव्हती.

पहिली चूक वेळेची. हॅम्स्टर हा रात्री जागणारा प्राणी आहे. दिवस मावळल्यावर त्याची सकाळ होते. दुपारी दोनला त्याला उठवणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भर झोपेत गदागदा हलवण्यासारखे आहे.

दुसरी चूक दिशेची. रानात या प्राण्यावर घाला येतो तो वरून. घुबड आणि ससाणा झडप घालतात आणि उचलून नेतात. वरून आलेला हात आपल्याला मायेचा वाटतो, पण त्याला तो पंजाच वाटतो.

तिसरी चूक वासाची. हॅम्स्टरला दूरचे नीट दिसत नाही. त्याचे जग नाकावर आणि कानांवर चालते. बोटाला खाण्याचा वास आला की तो बोटालाच खाऊ समजतो. यात राग नसतो, नुसता गैरसमज असतो.

चौथी चूक जागेची. शेजारी टीव्ही, वर ऊन, पिंजरा एवढासा, लपायला बीळ नाही. ज्याला पळायला आणि लपायला जागाच नाही, त्याच्यापाशी दातांवाचून दुसरे काय उरते?

डॉक्टरांनी या प्राण्याच्या मुळाची गोष्ट सांगितली होती, ती मी नंतर शोधून वाचली. आपल्या घरी येणाऱ्या सोनेरी हॅम्स्टरचे मूळ गाव सीरिया देशातील अलेप्पो शहराच्या परिसरात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर नावाचे शास्त्रज्ञ ‘काळा आजार’ व त्याच्या जातीच्या रोगांवर संशोधन करीत होते. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा रोग. आपल्याकडे बिहारच्या खेड्यापाड्यांतील गोरगरिबांनी त्याचे चटके पिढ्यान्पिढ्या सोसले आहेत. अ‍ॅडलर यांना प्रयोगासाठी लहान प्राणी हवे होते. त्यांच्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी १९३० साली अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी पिल्लांसह मिळवली. बीळ उकरले, माणसांचा गलबला झाला, आणि भेदरलेल्या त्या आईने आपल्याच एका पिल्लाला ठार केले. राहिलेल्यांपैकी काही पिल्ले पुढे पिंजरा कुरतडून निसटली. जी उरली, त्या भावंडांपासून वंश वाढला, आणि आज जगभर घरोघरी पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्या एकाच बिळाचे वारस आहेत.

ही हकिकत मी भाचीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामा, आई असून पिल्लाला मारलं?” मी म्हटले, “बाळा, भीती एवढी मोठी असते. लाडू तर नुसता चावला.” कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्यावर राहिला, तेव्हा कुठे तो आपला झाला. हॅम्स्टरला माणसाजवळ येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याच्या अंगात अजून ते शेत आणि ते बीळच आहे. तो आपल्यावर विश्वास घेऊन जन्माला येत नाही. तो विश्वास आपल्याला मिळवावा लागतो.

तो कसा मिळवायचा, हे आता क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी हा भाग कापून ठेवावा.

सर्वांत आधी घर. महागडा पिंजरा घ्यायची गरज नाही. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा मिळतो, त्याच्या झाकणाचा मधला भाग कापून तारेची बारीक जाळी घट्ट बसवली की झाले. डबा जितका मोठा, तितका प्राणी शांत. तळाला निदान वीतभर जाडीचा, न छापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा किंवा टिश्यू पेपरचा थर द्यावा, म्हणजे त्याला खणता येते. कापूस किंवा दोरे घालू नयेत, पायात गुरफटतात. लपायला एखादे पुठ्ठ्याचे खोके उपडे ठेवावे. पळायला चाक हवे, पण ते सलग पाठीचे. तारांच्या चाकात पाय अडकतो. डबा टीव्हीपासून, गॅसपासून आणि उन्हापासून लांब, भिंतीच्या कडेला ठेवावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात विशेष जपावे, कारण या प्राण्याला उष्णता सोसत नाही. फरशीचा गार तुकडा आत ठेवला की तो त्यावर पसरतो. साफसफाई करताना सगळा कागद एकदम बदलू नये. स्वतःचा वास गेला की त्याला घर परके वाटते, म्हणून थोडा जुना, कोरडा कागद तसाच ठेवावा.

आता जोडीची गोष्ट. सोनेरी हॅम्स्टर एकटाच राहतो. वयात आलेले दोन हॅम्स्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात. आणि नर-मादी असली तर अवघ्या सोळा दिवसांत पिल्ले होतात. ‘जोडी न्या’ हा सल्ला दुकानाच्या गल्ल्यासाठी असतो, प्राण्यासाठी नव्हे.

घर झाले की पहिले तीन-चार दिवस काहीही करू नये. अन्न-पाणी ठेवावे आणि बाजूला व्हावे. मुलांना हेच सर्वांत कठीण जाते, पण पाया इथेच घातला जातो.

त्यानंतर आवाज. संध्याकाळी तो उठला की डब्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे. भाची त्याला पाढे म्हणून दाखवीत असे. पाढे पाठ झाले, हा वरचा फायदा!

मग वास. कोऱ्या टिश्यू पेपरचा तुकडा तळहातावर चोळून डब्यात टाकावा. तो त्याचे अंथरूण करतो आणि तुमच्या वासात झोपायला शिकतो. मात्र त्याआधी आणि दर वेळी डब्यात हात घालण्याआधी साबणाने हात धुवावेत. फार सुगंधी साबण नको.

मग खाऊ. सूर्यफुलाची किंवा भोपळ्याची एखादी बी सुरुवातीला चमच्यावर आणि दोन-तीन दिवसांनी उघड्या तळहातावर ठेवावी. हात वरून न नेता बाजूने, त्याला दिसेल असा, डब्याच्या तळाशी टेकवावा आणि स्थिर ठेवावा. तो येईल, हुंगेल, पळेल, पुन्हा येईल. गालातल्या पिशव्यांत बी भरून निघून जाईल. जाऊ द्यावे. मुठीत धरायचा मोह झाला की सगळी मेहनत पाण्यात. रोज दहा मिनिटे पुरेत.

तो आपणहून हातावर चढू लागला, म्हणजे उचलण्याची वेळ आली. आधी स्टीलचा पेला आडवा ठेवून त्याला आत शिरू द्यावे आणि पेल्यासह बाहेर काढावे. पुढे दोन्ही तळहातांची ओंजळ करून खालून उचलावे. हे सर्व जमिनीवर बसून करावे, कारण हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे हाड मोडू शकते.

आणि तरीही चावला तर? हात झटकू नये. तो धरून लोंबकळत असेल तर हात सावकाश जमिनीला टेकवावा, पाय टेकले की तो सोडतो. मारू नये, टिचकी देऊ नये, तोंडावर फुंकर घालू नये. शिक्षेचा आणि चाव्याचा संबंध त्याला कळत नाही. हात म्हणजे संकट, एवढेच तो पक्के करतो. त्याला डब्यात ठेवून आपण आपला हात साबण आणि वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे चांगला धुवावा. रक्त आले असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते सांगावे. हळद, चुना असले काही जखमेत भरू नये. घरात गरोदर बाई असेल तर तिने हॅम्स्टरची साफसफाई करू नये, कारण अशा प्राण्यांपासून क्वचित होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला घातक ठरतो.

आणखी एक. माणसाळलेला हॅम्स्टर अचानक चावू लागला तर त्याला काही दुखत आहे असे समजावे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडायला लाकूड नसले तर ते वाढून तोंडात रुततात. शेपटीखाली ओले दिसले, जुलाब झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आता लाडूचे काय झाले ते सांगतो.

भाचीने सगळे मनापासून केले. पण दहावा दिवस उजाडला तरी लाडू तिच्या हातावर यायला तयार नव्हता. रडकुंडीला आली बिचारी. अडचण साधी होती. तिला सकाळची शाळा, म्हणून ती साडेनऊला झोपे, आणि टीव्ही बंद होऊन खोलीत निजानीज झाल्याशिवाय लाडू बिळाबाहेर पाय टाकत नसे. दोघांची वेळच जुळत नव्हती.

त्या घरात रात्री साडेबाराला जागा असणारा एकच माणूस होता. दाजी.

शिफ्टवरून आल्यावर ते झाकून ठेवलेले ताट घेऊन एकटेच जेवत बसत. सगळे झोपलेले, बोलायला कुणी नाही. चाकाचा खुरखुर आवाज तेवढा चाललेला. आधी त्यांनी नुसते पाहिले. बहिणीने मला नंतर सांगितले, की एका रात्री तिला जाग आली तर हे जेवून, साबणाने हात धुऊन, डब्याशेजारी मांडी घालून बसलेले. तळहात आत टेकवलेला. त्यावर भोपळ्याची बी. ओठ हलत होते, काय बोलत होते ते ऐकू आले नाही. ती डोळे मिटून तशीच पडून राहिली. म्हणाली, “दादा, बारा वर्षांच्या संसारात मी त्यांना एवढं हळू बोलताना पाहिलं नव्हतं.”

तेराव्या रात्री लाडू दाजींच्या हातावर चढला.

सकाळी हे कळल्यावर भाची आधी रुसली. “माझा लाडू, आणि तो पप्पांकडे गेला!” पण शनिवारी रात्री दाजींनी तिला जागे राहू दिले. दोघे जमिनीवर बसले. दाजींनी तिच्या तळहाताखाली आपला तळहात ठेवला आणि हाताचा थरकाप थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. लाडू आला, हुंगले, थांबला आणि चढला. पोरीने श्वास रोखून धरला होता. पंधरा दिवसांच्या मुदतीचा विषय त्यानंतर घरात कुणी काढला नाही. सासूबाई मात्र अजून त्याला उंदीरच म्हणतात, पण भाजी चिरताना गाजराचा एक तुकडा बाजूला काढून ठेवतात.

आईबापांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हॅम्स्टरचे आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे. घरी आणण्यापूर्वी मुलांना हे सांगा. उन्हाळा, आजारपण, सुट्टीत गावाला जाणे, या सगळ्यांचा विचार करा. जमणार नसेल तर आणू नका. नाही म्हणण्यातही त्या जीवावर दयाच आहे.

परवा बहिणीकडे गेलो होतो. लाडू दाजींना पुन्हा एकदा चावला होता. त्या दिवशी ते घाईत आंबलेल्या हातांनी, ग्रीसचा वास न घालवता बसले होते. मी विचारले, “मग काय केलंत?”

दाजी म्हणाले, “काय करणार? चूक माझी होती. हात धुऊन आलो.”